घरभेटीला तू चिवडा न्यायचीस

गुरुवारी सकाळी तू न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ग्रंथालयाबाहेर गाडी लावलीस, खाली उतरलीस आणि पडलीस. ॲम्ब्युलन्स आली. दुपारी मराठी मंडळाच्या नितीनचा मला फोन आला. तू गेली होतीस.

त्या वेळी मी शेजारच्या पिस्कॅटवेला माझ्या घरी टेबलाशी, रविवारी तुझ्याशी कसं भांडायचं ते ठरवत बसलो होतो. बहिणीच्या मृत्यूची बातमी येते तेव्हा भावाच्या मनात काय असावं, हे कुणी ठरवून देत नाही. माझ्या मनात तुझ्याविरुद्धचे मुद्दे होते. चांगले जमलेले मुद्दे होते, ताई. फोन ठेवल्यावरही ते काही वेळ तसेच चालत राहिले. शिक्षक वर्गातून निघून गेले तरी मुलं थोडा वेळ पाढे म्हणत राहतात ना, तसे.

आता ते कुणाला सांगू? मंडळाला स्मरणिकेसाठी तुझ्यावर लेख हवा आहे. नितीन म्हणाला, "काका, तुम्ही भाऊ आहात, तुम्हीच लिहा. फक्त जरा पॉझिटिव्ह ठेवा हं." लिहीन म्हणालो. पॉझिटिव्हचं काही कबूल केलं नाही.

गेलं वर्षभर महिन्यातल्या एका शनिवारी तू ग्रंथालयाच्या खालच्या खोलीत ज्येष्ठांसाठी मराठीतून बोलत होतीस. विषय तुझा लाडका, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं ब्रिटन. शाळेतल्या उपाशी मुलांना जेवण देणारा कायदा, सत्तरी गाठलेल्यांचं पेन्शन, कामगारांचा विमा, उमरावांच्या सभागृहाची जिरलेली रग, मतासाठी तुरुंगात गेलेल्या बायका. कॉलेजात हे सगळं तू इंग्रजीतून मुलांना शिकवलंस आणि निवृत्त झाल्यावर मराठीतून म्हाताऱ्यांना. पार्सिपनीहूनसुद्धा, एवढ्या लांबून, लोक यायचे. काही जण नुसते चहाला यायचे आणि तुला ते पक्कं माहीत होतं. "चहा शेवटी," तू दारातच सांगायचीस. "आधी दिला तर इंग्लंड ऐकायला कुणी उरत नाही."

तू बोलायला लागलीस की मला तू चौदा वर्षांची दिसायचीस. अमरावतीला बाबांनी तुला सायकल नाकारली होती. तू त्यांच्याच कपाटातलं इंग्लंडच्या इतिहासाचं पुस्तक वाचलं होतंस, म्हणून तू जेवण सोडलंस. आई ताट घेऊन तुझ्यामागे या खोलीतून त्या खोलीत. तू तिला म्हणालीस, "तिकडे तुरुंगात बायकांच्या नाकात नळी घालून दूध ओतायचे, तरी त्या हटल्या नाहीत. तुझ्याकडे तर नुसता वरणभात आहे." आई घाबरून बाबांकडे गेली. दुसऱ्या दिवशी सायकल कबूल झाली. मी नऊ वर्षांचा होतो. आपल्या घरात न हटणारं एक माणूस आहे, हे मला तेव्हा कळलं आणि फार आवडलं.

पुढे मला फिट यायला लागल्या. शाळा बुडायची. तू संध्याकाळी माझ्या उशाशी बसून तेच पुस्तक वाचून दाखवायचीस, आधी इंग्रजीत, मग मराठीत. माझं इंग्रजी, माझं वाचन, विद्यापीठाच्या ग्रंथालयातली माझी नोकरी, सगळं त्या उशापासून सुरू झालं. मला अमेरिकेत तूच बोलावून घेतलंस. इथे गाडी न चालवणारा माणूस घरात कोंडलेलाच असतो, आणि मला परवाना कधीच मिळणार नव्हता. तू मला नेलंस. डॉक्टरकडे, किराण्याला, लग्नामुंजींना, एवढी वर्षं. एकदाही कुरकुर केली नाहीस. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही, साक्ष म्हणून लिहितोय. तुझ्याविरुद्ध ती लागणार आहे.

मंडळाची गाडीसेवा तुझीच कल्पना. मुलं आईवडिलांना इकडे आणतात, मग सकाळी कामाला जातात, आणि म्हातारी माणसं खिडकीशी बसून राहतात. त्यांना दवाखान्यात न्यायला स्वयंसेवक हवेत, असं तू म्हणालीस आणि उभे केलेसही. ज्येष्ठांच्या बसचा थांबा ओक ट्री रोडवर यावा म्हणून टाउनशिपच्या सभेत तू साडीखाली स्नीकर्स घालून माइकसमोर गेलीस आणि वेळ संपल्याची घंटा झाली तरी बोलत राहिलीस. मी मागच्या रांगेत होतो. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी माणसाला मी सांगितलं, ही माझी बहीण.

पण त्या सेवेला तू घरभेट जोडलीस. कुणी गाडी मागितली की आधी दोघांनी त्यांच्या घरी जायचं. "इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावावं." हातात ओक ट्री रोडच्या दुकानातली चिवड्याची पिशवी. चहा होईपर्यंत नजर फिरवायची. औषधं घेतात का, मुलगा खरंच कामात असतो की टाळतो, घरात काही सवयी आहेत का. मग समितीत शिफारस. हळूहळू सगळ्या एडिसनला ते कळलं. दारात चिवडा दिसला की आत हाक जायची, "अहो, ती बाटली उचला, मंडळ आलंय!" हे तुला मीच हसत सांगितलं होतं. तू हसली नाहीस. म्हणालीस, "लपवतात म्हणजे लाज आहे. लाज आहे तिथे सुधारणेला वाव आहे."

लंडनच्या गरीब वस्त्यांत दानशूर बायका अशाच जायच्या, हे मला कुणी शिकवलं? तूच. टोपी घालून, गोड बोलून, पडदे आहेत का बघत, नवरा पितो का विचारत. लायक गरीब एका बाजूला, नालायक दुसऱ्या बाजूला. वर्गात त्यांची नक्कल करताना तू चष्मा नाकावर ओढायचीस. चिवडा घेऊन निघताना तुला ती नक्कल कधी आठवली नाही का?

इंदूमावशींकडे चिवडा गेला तो हिवाळ्यात. साताऱ्याकडच्या मावशींना मुलानं नातवंडं सांभाळायला आणलं. नातवंडं मोठी झाली, मुलगा नोकरीसाठी टेक्ससला गेला, आणि मावशी इथे भाचीच्या घरी खालच्या मजल्यावर राहिल्या. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. वेळेवर मिळालं तर नजर टिकते, चुकलं तर समोरचं दिसणं जातं आणि गेलेलं परत येत नाही. भाची नर्स आहे, सोमवार ते शुक्रवार तिला सुट्टी मिळत नाही. अनोळखी ड्रायव्हरच्या टॅक्सीत, इंग्रजी येत नसताना, एकटीनं बसायची मावशींची छाती नव्हती. म्हणून त्यांनी मंडळाकडे गाडी मागितली.

तू आणि नितीन गेलात तेव्हा मावशी तव्यावर मिश्रीसाठी तंबाखू भाजत होत्या. खोलीभर धूर झाला आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला. नितीन खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालत होता. तू तव्याकडे बघत होतीस. हे सगळं त्यानंच मला नंतर सांगितलं.

"मावशी, हे काय?"

"मिश्री. दाताला. थोडी देऊ का बांधून?"

समितीत तू सांगितलंस, आधी मिश्री सुटू दे, मग गाडी. "तंबाखूनं हा आजार वाढतो, असं मी नाही, डॉक्टर म्हणतात," हे तुझे शब्द. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशींनी मिश्री सोडली नाही. तू हटली नाहीस. दोन इंजेक्शनं चुकली.

मी समितीत नाही. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं ते तू जाण्याआधीच्या शनिवारी, तुझ्या पेन्शनवरच्या भाषणात. भाचीला सुट्टी होती म्हणून मावशी आल्या होत्या आणि पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तू रंगात आली होतीस. सत्तरीच्या म्हातारीला पहिल्यांदा कुणाच्या दारात उभं न राहता, टपाल कचेरीच्या खिडकीतून हक्काचे पैसे कसे मिळाले, ते तू सांगितलंस. मग कायद्यातली खोच सांगितलीस. जो तुरुंगात जाऊन आला त्याला नाही, ज्यानं अंग चोरून काम केलं त्याला नाही, चालचलन तपासायला अधिकारी येणार.

मावशींनी हात वर केला. "बाई, मिश्री लावणाऱ्या म्हाताऱ्यांना मिळायचं का ते पेन्शन?"

खोलीत हशा पिकला. तूही हसलीस. "तिकडे मिश्री नव्हती, मावशी. पण दारूबाजांना वगळायची सोय होती. आणि ती चूक होती. म्हातारपण काय चालचलन बघून येतं?"

टाळ्या पडल्या. मावशींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी तळहातानं उजवा डोळा झाकला. "अरुणभाऊ, असं केलं की तुमचं तोंड पुसल्यासारखं होतं बघा. नुसते कान राहतात." मग त्यांनी सगळं सांगितलं. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द त्या बोलल्या नाहीत. ते काम त्यांनी माझ्यावर सोडलं असावं.

परत जाताना तू नेहमीसारखी मला सोडायला निघालीस. रूट सत्तावीसवर आपण भांडलो.

"इंदूमावशींना तू गाडी नाकारलीस?"

"नाकारली नाही. अट घातली."

"तासाभरापूर्वी तूच म्हणालीस, ती चूक होती."

"ते सरकार होतं, अरू. सरकारनं विचारू नये. मी शेजारीण आहे. शेजारणीनंही विचारायचं नाही, तर मग कुणी? टपालाच्या खिडकीनं कधी कुणाचं व्यसन सोडवलंय?"

"नाही सोडवलं. तिनं पैसे दिले आणि ती गप्प बसली. म्हणून तर ती लोकांना आवडली."

"पुस्तकातलं बोलू नकोस."

"तुझ्याच पुस्तकातलं बोलतोय. भाषणात तू एका बाजूनं असतेस आणि मंडळात दुसऱ्या."

यावर तू एक गोष्ट बोललीस, ती मी इथे प्रामाणिकपणे लिहितो. तू म्हणालीस, "पेन्शन देऊन मोकळं होणं सोपं आहे. मग म्हातारी एकटी मेली तरी कुणाला पत्ता नाही. मी निदान तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले." खरं आहे. तू उभी राहिलीस. आणि तिथून तू तव्याकडे बघितलंस.

मग मी माझी साक्ष काढली. "मला एवढी वर्षं नेतेस. मला कधी अट घातलीस?"

"तुझी गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

"तुझ्या हातात नव्हतं ते."

सिग्नल लाल होता. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. तुला वाटलं मी दमलो. मी दमलो नव्हतो, ताई. आपण काय आहोत ते मला कळत होतं. माझ्या उशाशी बसलेली तू, माझ्यासाठी दार उघडून थांबलेली तुझी गाडी, हे सगळं मला मिळालं कारण मी लायक गरीब होतो. माझा दोष माझा नव्हता. तो माझा असता, मी दारू पिऊन फिट ओढवून घेत असतो, तर तू माझ्याकडेही चिवडा घेऊन आली असतीस का? हा प्रश्न मला विचारायचा होता. तुझ्यावरच्या प्रेमामुळे नाही, सरळ वैरानं विचारायचा होता.

माझ्या दारात गाडी थांबवून तू म्हणालीस, "उद्या मी पार्सिपनीला आहे. पुढच्या रविवारी जेवायला ये. भरली वांगी करते आणि नीट भांडू. आत्ता तू नुसता रागावलायस."

सोमवारी मी टॅक्सी बोलावली आणि इंदूमावशींना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरनं तपासलं आणि मला इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत त्यांना सांगितलं. डाव्या डोळ्याची मधली नजर गेली, ती आता येणार नाही. उजवा वाचेल, पण इंजेक्शन चुकता कामा नये.

"बरं," मावशी म्हणाल्या. "उजवा राखा म्हणावं."

त्यानं तंबाखूबद्दल विचारलं. मला मिश्री म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. तो म्हणाला, सोडली तर फार बरं होईल. आणि त्यानं इंजेक्शन दिलं. सल्लाही दिला, सुईही दिली, एकासाठी दुसरं अडवून ठेवलं नाही. याला काही मिनिटं लागली. हेच मला तुला सांगायचं होतं. फोनवर सांगितलं असतं तर तू दोन वाक्यांत निकाली काढलं असतंस. मला समोर बसून सांगायचं होतं, तुझ्या ताटात वांगं असताना, की त्यांचा डावा डोळा गेला. तुझा चेहरा बघायचा होता. तो पडला असता की तू "सोडली असती तर ही वेळ आली नसती" म्हणाली असतीस, ते मला माहीत नाही. सत्तर वर्षांच्या ओळखीनंतरही माहीत नाही.

तू गुरुवारीच गेलीस. तुला कळलंच नाही. सगळे म्हणतात, सुखानं गेल्या, त्रास झाला नाही. नाही झाला, हे खरंच.

अंत्यविधीला किती लोक आले होते! मला एकेकानं हात धरून सांगितलं की ताई वरून काटेरी, आतून फणसाचा गरा. फणस तीनदा झाल्यावर मी पाणी प्यायला उठलो. एक काकू तिथेही आल्या आणि कानात म्हणाल्या, "इंदूमावशींना त्यांनी गुपचूप नेलंच असेल हो. सांगितलं नसेल कुणाला." मला ते इतकं हवंसं वाटलं की मी खरंच जाऊन विचारलं.

मावशी म्हणाल्या, "नाही हो, नाही आल्या परत. चिवडा मात्र चांगला होता. शेंगदाणे सढळ."

तेव्हा तो आधारही गेला. तू आतून वेगळी नव्हतीस. जशी दिसायचीस तशीच होतीस. तुझ्या बाजूनं मी एवढंच म्हणू शकतो, की तू कुणाला फसवलं नाहीस.

गेल्या आठवड्यात समितीची बैठक झाली. मी वेळ मागून घेतला आणि घरभेट बंद करा म्हणालो. चार लोकांत बोलताना माझा आवाज कसा होतो, तुला माहीत आहे. मी सांगितलं की ज्यांनी पूर्वी गरीबखात्याची मदत घेतली त्यांना त्या पेन्शन कायद्यानं आधी वगळलं होतं, आणि ती अट पार्लमेंटनं थोड्याच वर्षांत काढून टाकली. उमरावांच्या देशाला चूक दुरुस्त करता आली. आपण तर एडिसनचं मंडळ आहोत. कुणीतरी हसलं. चांगलं हसलं.

मग नितीन बोलला. तो वाईट मुलगा नाही. टॉवेलनं धूर हाकताना त्यालाही लाज वाटली होती, असं त्यानं मला एकट्याला सांगितलं होतं. बैठकीत तो म्हणाला, "काका, तुमचा पॉइंट एकदम व्हॅलिड आहे. पण ताईंना जाऊन महिनासुद्धा नाही झाला यार. लगेच त्यांचीच सिस्टीम कॅन्सल केली तर कसं दिसेल?"

"श्रद्धांजली म्हणून तरी राहू दे," एक बाई म्हणाल्या.

हात वर झाले. घरभेट राहिली. आता तिला तुझं नाव दिलंय, शरयूताई घरभेट उपक्रम. ज्या बायकांनी एका मतासाठी तुरुंगात उपास काढले, त्यांच्यावर तू आयुष्यभर बोललीस. तू मात्र मत न देताच जिंकलीस. मेलेल्या माणसाशी हुज्जत घालायची आपल्या लोकांना सवय नाही. मी ती लावून घेतोय, आणि तिच्यात मला तुझ्याइतकं तरबेज कुणी सापडत नाही. सत्तावीस नंबरच्या रस्त्यावर चालत्या गाडीत पेन्शन कायद्यावर माझ्याशी तावातावानं भांडेल असं माणूस आख्ख्या न्यू जर्सीत दुसरं नाही. तेवढ्यापुरती तुझी आठवण येते तेव्हा ती सोसत नाही. लगेच मागोमाग मावशींचा तळहात आठवतो आणि मग सोसते.

मी तुला माफ केलेलं नाही. तू माफी मागितलीही नसतीस. आपल्यात तो व्यवहार कधीच नव्हता.

इंदूमावशी अजून मिश्री लावतात. मंडळाची गाडी त्यांच्याकडे जात नाही. महिन्यातून एकदा मी टॅक्सी बोलावतो आणि त्यांच्या शेजारी बसतो. डावा डोळा गेला. उजव्यानं त्यांना दिसतं.